माळ कुणी संपवला? मेंढपाळाच्या बाजूनं गायरानाचा इतिहास



मागच्या नोंदीत रानात मेंढ्या बसवण्याबद्दल लिहिलं होतं. एकरी किती रात्री बसवाव्यात, नंतर पाळी कधी घालावी, एवढंच. बऱ्याच जणांना ते उपयोगी वाटलं. पण तिघा-चौघांनी खाली एक सारखंच लिहिलं, त्यात एक कृषी पदवीधरही आहेत. "खत ठीक आहे दादा, पण आपले माळ उघडे केले ते या मेंढ्यांनीच. चराईबंदी केल्याशिवाय गवत परत येणार नाही."

हे वाक्य मी पोरवयापासून ऐकतोय. सरकारी माणूस बोलतो, बागायतदार बोलतो, आता शिकलेली पोरंही बोलतात. खरं काय ते बघायचं तर जरा मागं जावं लागतं. मी दहावी झालेला शेतकरी, इतिहासाचा प्राध्यापक नाही. पण वाचायची खोड आहे, आणि तीसेक वर्षं दर साली माझ्या रानात धनगरांचा वाडा उतरतो. वाचलेलं आणि त्यांच्या तोंडून ऐकलेलं असं दोन्ही जुळवून लिहितोय. लांबेल, सवडीनं वाचा.

आमचं गाव सुप्याच्या बाजूला, बारामती तालुक्याचा जिराईत भाग. कालव्याचं पाणी आमच्या नशिबी नाही. पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर, तोही लहरी. माळावर वीतभर माती, खाली मुरूम. अशा जमिनीवर नांगर चालवायचा का जनावर चारायचं, हा प्रश्न आजचा नाही. तीन हजार वर्षांपूर्वीच्या माणसालाही तो पडला होता.

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथं डेक्कन कॉलेजच्या लोकांनी १९६८ पासून पुढं बरीच वर्षं खोदकाम केलं. तिथले जुने शेतकरी जव पिकवत होते, चौकोनी ऐसपैस घरं बांधून राहत होते. इ.स.पूर्व १००० च्या पुढं मात्र घरं लहान आणि गोल झाली, शेती मागं पडली, शेळ्या-मेंढ्यांवर आणि शिकारीवर भर आला. तिथं काम केलेले म. के. ढवळीकर यांनी त्याचा अर्थ असा लावला की हवा कोरडी होत गेली, पाऊस कमी झाला, आणि माणसं शेती सोडून जनावरांमागं हिंडू लागली. म्हणजे मेंढपाळी हा काही शेती न जमलेल्या माणसाचा धंदा नव्हे. पाऊस दगा देतो तिथं जगायची ती एक शहाणी रीत आहे. पाऊस आपल्याकडं येत नाही, तर आपण गवताकडं जायचं.

आपले देवसुद्धा त्याच रानातले. बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा यांच्या कथा माळावरच्या, मेंढरांच्या आणि वारुळाच्या. जर्मनीहून आलेले गुंथर सोंथायमर यांनी धनगरांबरोबर पायी हिंडून या देवांचा अभ्यास केला. रा. चिं. ढेरे यांनी तर 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' या ग्रंथात पंढरीच्या विठोबाचं मूळही गवळी-धनगरांच्या देवात दाखवलंय. आपल्या भागात गावोगाव वीरगळ उभे आहेत. त्यातल्या कितीतरी दगडांवर खालच्या टप्प्यात गाई कोरलेल्या दिसतील. गाई वळवून नेणाऱ्यांशी लढताना जो पडला, त्याचा तो दगड. जनावर हेच धन होतं, आणि गवत असलेली जमीन ही त्या धनाची तिजोरी होती.

आता कागदावरच्या इतिहासाकडं येऊ.

मराठेशाहीत गवताला मालक होता, किंमतही होती. 'कुरण' हा शब्द आपण आज कुठल्याही हिरव्या जागेला लावतो. तेव्हा कुरण म्हणजे राखलेलं गवत. सारं राज्य घोडदळावर चालायचं, घोडं चाऱ्यावर चालायचं. म्हणून सरकारी कुरणं राखली जायची, गवत कापून गंजी लावल्या जायच्या. सरकारच्या रानात जनावरं चारायची तर 'वनचराई' नावाची पट्टी द्यावी लागायची. धनगर-गवळ्यांना ती पट्टी काही सुखाची नव्हती. पण त्यातून एक गोष्ट पक्की होती. पट्टी भरणारा माणूस हा त्या रानाचा रीतसर वापरकर्ता होता. तो बाहेरचा नव्हता, चोर नव्हता.

दुसरी गोष्ट म्हणजे तेव्हा रानं आलटून पालटून पड टाकायची. हलक्या जमिनीत दोन-चार सालं पीक घ्यायचं, मग काही सालं पड टाकायची. त्या पडीवर गवत यायचं, गवतावर मेंढरं यायची, मेंढरांच्या लेंड्यांनी जमीन पुन्हा ताकद धरायची. शेत आणि चराऊ रान यांच्यात आजच्यासारखी कायमची रेघ नव्हती. आज शेत असलेलं उद्या कुरण, आणि परवा पुन्हा शेत.

ही रेघ मारली ती इंग्रजांनी. १८१८ साली पेशवाई बुडाली. १८३६ मध्ये आपल्या शेजारच्या इंदापूर तालुक्यात विंगेट आणि गोल्डस्मिड या साहेबांची मोजणी सुरू झाली. आज आपल्या सातबाऱ्यावर जो गट किंवा सर्वे नंबर असतो, त्याचं मूळ तिथं. जमिनीचे नंबर पाडले, प्रत वारी केली, तीस वर्षांसाठी सारा बांधून दिला. आधीच्या मोजणीत सारा फार चढा लागला होता, त्यापेक्षा हा उतरला. रयतेला बरं वाटलं, आणि खरोखर बरं होतंही. पण त्याचा दुसरा परिणाम बघा. सारा नंबरावर बसला, पिकावर नाही. मग पड कशाला टाकायची? शिवाय हलक्या जमिनीला दर कमी, म्हणून लोकांनी माळसुद्धा लागवडीला घेतले. पुढं अमेरिकेत यादवी युद्ध झालं (१८६१ ते १८६५), कापसाचे भाव चढले, तेव्हा आणखी जमिनी मोडल्या.

त्या मोजणीनं जमिनीची दोनच नावं ठेवली. सारा देते ती लागवडीची, देत नाही ती पडीक. 'पडीक' हा शब्द तिथून आपल्या डोक्यात बसला. मेंढपाळाच्या लेखी ती जमीन कधीच पडीक नव्हती. तिच्यावर त्याचं पीक उभं होतं, फक्त ते पेरलेलं नव्हतं. लागवडीला न गेलेल्या सरकारी नंबरांच्या गवताचा दरसाल लिलाव व्हायचा. ज्याच्या हातात रोकड, त्याचं गवत. गावच्या गुरांसाठी काही नंबर मोफत गुरचरण म्हणून वेगळे काढले. तीच आपली आजची गायरानं.

मग आलं जंगल खातं. १८७८ च्या जंगल कायद्यानं सरकारला रानं राखीव करायचा अधिकार दिला. आपण जंगल म्हटलं की सागाची झाडी डोळ्यांपुढं आणतो. पण आपल्या कोरड्या पठारावर राखीव झाले ते बरेचसे डोंगर-टेकड्या आणि गवताचे माळ होते. महात्मा फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. त्यात या खात्याबद्दल त्यांचा संताप दिसतो. डोंगर, टेकड्या, दऱ्याखोरी आणि त्यांच्या जोडीला पडीत जमिनी आणि गायरानंही जंगलात घातली, शेळ्या-मेंढ्यांना जागाच उरू दिली नाही, अशी त्यांची तक्रार आहे. म्हणजे 'माळ कुणी संपवला' हा प्रश्न फुल्यांनी एकशे चाळीस वर्षांपूर्वी विचारलाय, आणि त्यांचं बोट मेंढीकडं नाही.

सगळेच साहेब आंधळे होते असंही नाही. १८८९ मध्ये जॉन ऑगस्टस व्होएल्कर नावाचे शेतीरसायनाचे जाणकार हिंदुस्थानात आले, सारा देश फिरले. १८९३ च्या त्यांच्या अहवालात त्यांनी सांगितलं की जंगल खात्यानं इमारती लाकडापुरतं बघू नये, शेतकऱ्याला जळण आणि चारा मिळावा म्हणून राखीव रानं तयार करावीत. शेणाच्या गोवऱ्या जळतात त्या खत म्हणून रानात जाव्यात, हा त्यांचा हिशेब होता. १८९४ च्या जंगल धोरणात चराऊ जमीन हा एक वेगळा वर्ग धरलाही गेला. पण माणूस बदलला नाही. गार्डसाहेबाच्या नजरेत मेंढरू दिसलं की गुन्हा दिसायचा. स्वातंत्र्यानंतर १९५२ चं वन धोरण आलं, त्यातही चराई ही आवरायची गोष्ट म्हणूनच धरली.

आता या सगळ्यातली खरी मेख सांगतो. आपल्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत (१९६६) कलम २२ प्रमाणं गावातली सरकारी जमीन मोफत चराईसाठी राखून ठेवता येते. चांगलं आहे. पण त्याच्या लगतच सांगितलंय की त्या गायरानावर चरायचा हक्क फक्त त्या गावच्या किंवा ज्या गावांना ते दिलंय त्या गावांच्या गुरांना. हा नियम १८७९ च्या मुंबईच्या कायद्यापासून चालत आलाय. आपल्याला त्यात वावगं वाटत नाही, कारण आपण एका गावचे. पण वर्षातले आठ महिने जो वाटेवर असतो, त्याचं गाव कुठलं? त्याच्या मूळ गावचं गायरान एक. त्याच्या वाटेवर पन्नास गावं. त्या पन्नास गावांत तो कायद्यानं परका. वनचराई भरणारा त्याचा पणजोबा रानाचा वापरकर्ता होता, आणि पणतू घुसखोर ठरला. एक बोट न उचलता हे झालं.

२००६ च्या वनहक्क कायद्यात पहिल्यांदा भटक्या आणि पशुपालक लोकांच्या हंगामी चराईचा हक्क शब्दांत लिहिला गेला. मोठी गोष्ट आहे. पण आदिवासी नसलेल्यांना तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा वास्तव्याचा पुरावा मागितलाय. एका जागी न राहणं हाच ज्याचा धंदा, त्यानं एका जागी राहिल्याचा पुरावा आणायचा कुठून?

इथवर कायदा झाला. आता मेंढपाळ स्वतः गवताकडं कसं बघतो ते सांगतो. हे मी माझ्या बांधावर बसून ऐकलंय. आमच्याकडं जो वाडा उतरतो त्यातले थोरले आबा, वय पंचाहत्तरच्या पुढं, त्यांना मी एकदा सरळ विचारलं, "आबा, लोक म्हणतात तुम्ही रान खाऊन टाकता." ते हसले. म्हणाले, "पाटील, तुमी तुमचं बी खाता का? आमचं बी त्या गवतात हाय. ते खाल्लं तर फुडच्या साली येऊन काय दगडं चारू?"

त्यांच्याकडून आणि त्यांच्या पोरांकडून समजलेल्या रीती अशा.

पहिली रीत पावसाची. मृगाचा पाऊस पडून माळ हिरवा दिसला की आपल्याला वाटतं मेंढरांची चंगळ. ते मात्र कोवळ्या गवतात मेंढरं घालायला बिचकतात. उपाशी मेंढरू कोवळ्यावर तुटून पडलं की हगवण लागते, आंत्रविषारानं धडधाकट जनावर सकाळी मेलेलं सापडतं. पशुवैद्यकही ही लस पावसाळ्याआधी टोचायला सांगतात. म्हणून सकाळी आधी वाळलेलं, झाडपाला, मग हिरवं. त्यात गवताचाही फायदा. मुळं धरायच्या आत त्याला तोंड लागत नाही.

दुसरी रीत उठण्याची. वाडा एका जागी फार दिवस राहत नाही. लेंड्यांचा वास लागलेलं गवत मेंढी खात नाही, आणि तिथंच चारत राहिलं तर जंत वाढतात. जंताचं औषध आत्ता आलं, जागा बदलणं हे त्यांचं पिढीजात औषध. आबांच्या भाषेत, "जागा इटली की उठायचं, जागा संपली की न्हाय." मला हे वाक्य फार महत्त्वाचं वाटतं. आपण राखणं म्हणजे कुंपण घालणं समजतो. ते राखणं म्हणजे वेळेवर उठणं समजतात.

तिसरी रीत आपसातली. वाड्यातला जाणता माणूस एक-दोन दिवस आधी पुढं जाऊन रान बघून येतो. पाणी कुठं, पिकं कुठं निघालीत, दुसरा वाडा उतरलाय का. दुसरा उतरला असेल तर आपण वाट बदलायची. कुणी कुठल्या पट्ट्यात जायचं हे बापजाद्यापासून ठरलेलं असतं. कागद नाही, पण सोयऱ्याधायऱ्यांत मोडलं तर बोलणी बसतात. माधव गाडगीळ आणि कैलास मल्होत्रा यांनी धनगरांच्या पोटजातींचा अभ्यास केला होता. सह्याद्रीच्या माथ्यावर भरपूर पावसात गवळी धनगर म्हशी पाळणार, कोरड्या पठारावर हाटकर मेंढ्या पाळणार. ज्याची त्याची रानं वेगळी, म्हणून एकाच गवतावर सगळ्यांची धाड पडत नाही.

चौथी रीत देवाची. कवठे महांकाळ तालुक्यात आरेवाडीला बिरोबाचं बन आहे. जत्रेला लाखो माणूस येतो, हजारो मेंढरं येतात. पण बनाच्या झाडाला कुऱ्हाड लावायची नाही ही मर्यादा. वाटेवर बाभळीच्या शेंगा, पाला काढतानाही शेंडा राखून बाजूची फांदी आकड्यानं ओढायची, असं पोरांना शिकवलेलं असतं. सगळेच पाळतात असं म्हणणार नाही.

पाचवी गोष्ट लांडग्याची. आपल्या माळांवर लांडगा अजून आहे, तो बराचसा या मेंढरांच्या मागंच आहे. कोकरू नेलं तर शिव्या देतात, कुत्री सोडतात, पण विष घालायची भाषा आबांच्या तोंडी मी ऐकली नाही. त्याचा वाटा त्यानं नेला, म्हणतात. सुप्याला १९९७ मध्ये मयूरेश्वर अभयारण्य झालं, जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं. चिंकारा बघायला शहरातून लोक येतात. पण लांडगा, खोकड, चिंकारा काही पाच चौरस किलोमीटरात मावत नाहीत. ते आजूबाजूच्या गायरानांवरच जगतात, मेंढरं चरतात त्याच गवतात.

आता वर्षाचं चक्र. पावसाळ्यात मेंढरं आपल्या कोरड्या पट्ट्यात, कारण जास्त पावसात खूर कुजतात, लोकर भिजून मेंढी आजारते. दिवाळीनंतर बाजरी-भात निघाले की वाडे पश्चिमेला सरकतात. पारनेर-संगमनेरकडचे माळशेजनं उतरतात, आमच्याकडचे भोरच्या बाजूनं, काही कोकणात भाताच्या खाचरांपर्यंत जातात. वाटेत रानारानांत मेंढ्या बसवायच्या, बदल्यात धान्य घ्यायचं, आता पैसे. मृगाच्या आधी माघारी. म्हणजे ज्या चार महिन्यांत कोकणातलं आणि घाटमाथ्यावरचं गवत वाढतं तेव्हा ते तिथं नसतात. आणि आपल्या माळावरचं गवत बी धरून वाळलं की ते इथून उठतात. हे गणित कुठल्या विद्यापीठानं मांडलेलं नाही, मेंढीच्या खुरानं आणि पोटानं मांडलंय.

कृषी पदवीधर मित्रांसाठी थोडं शेतीचं. आपल्याकडची पुस्तकं शेणखतात नत्र अर्धा टक्का धरतात, आणि शेळ्या-मेंढ्यांच्या खतात नत्र ३, स्फुरद १, पालाश २ टक्के. शिवाय रात्रभर मुतलेलं जागेवरच मुरतं, वाहतूक नाही, पसरायची मजुरी नाही. म्हणजे माळावरचं गवत मेंढीच्या पोटातून आपल्या शेतात येतं. माळ संपला की हा रस्ताही संपला. मग गोणी विकत आणा.

आता खरंच चराईनं माळ खराब होतो का? होतो. हे मी नाकारत नाही. एकाच जागी बारा महिने जनावरांचं तोंड लागलं की मारवेल, पवना, शेडा ही गोड गवतं आधी जातात. मग कुसळी येते, तिची कुसळं लोकरीत घुसतात. त्यापुढं तरवड, गाजर गवत, टाकळा. गावठाणाच्या जवळचं गायरान बघा, हेच दिसेल. पण तिथं बारा महिने चरतं कोण? बहुतेक ठिकाणी गावातलीच जनावरं, आपली आणि आपल्या शेजाऱ्याची. वाडा तर आठवडा-पंधरा दिवसांत पुढं जातो. आणि दहा वाडे एकाच माळावर येऊन पडतात तेव्हा कारण असतं: बाकीचे नऊ माळ गेलेत.

ते कुठं गेले? नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास आला, पुढं ऊस आला. त्या पट्ट्यातलं पाणी मेंढराला बंद झालं, कारण उसाला 'पीक निघालं' असा मोकळा महिनाच नसतो. १९७२ च्या दुष्काळानंतर विहिरी-बोअर वाढल्या, माळ फुटले. मग सामाजिक वनीकरण आलं. मुरमाड माळावर खड्डे काढून निलगिरी, सुबाभूळ, गिरिपुष्प लावलं. १९८५ नंतर देशभर पडीक जमीन विकासाची मोहीम निघाली. गवताचा माळ 'पडीक' म्हणून कागदावर चढला, म्हणजे विंगेट साहेबाचाच शब्द. अलीकडं सलग समतल चर. डोंगरउताराला चर चांगले, मी विरोधात नाही. पण वीतभर मातीचा सपाट माळ जेसीबीनं उकरला की खालचा मुरूम वर येतो, आणि शंभर वर्षांचं गवताचं मूळ उलटं होतं.

चराईबंदीनं सगळं नीट होतं का, तेही बघू. दोन-तीन साल बंद केलं तर गवत जोरात येतं, हे खरंय. पण कायम बंद ठेवलं तर जुनं वाळलेलं गवत बुडाशी साठतं, नवा फुटवा दबतो, वणवा लागला की सारं जातं, आणि हळूहळू झुडूप मातून बसतं. माळढोकाचं उदाहरण डोळ्यांपुढं आहे. १९७९ मध्ये त्याच्यासाठी सोलापूर-नगर भागात अभयारण्य केलं, कागदावर साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास. शेतकऱ्यांची अडचण झाली, २०१२ मध्ये ते बाराशेच्या आसपास आणलं. नियम झाले, कुंपणं झाली, पण मोकळा गवताचा माळ तेवढा राहिला नाही. आज माळढोक आपल्या राज्यात जवळपास संपल्यात जमा आहे. मोकळ्या गवतात वाढणारा पक्षी होता, आणि आपण त्याचं मोकळं गवत कशाकशानं भरत गेलो.

हे सगळं आज लिहायचं कारण असं की गायरानांवर आता पुन्हा निर्णय होतायत. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०११ मध्ये पंजाबच्या एका खटल्यात सांगितलं की गावाच्या सामाईक जमिनीवरची अतिक्रमणं काढा, आणि त्या गावाला परत द्या. आपल्या राज्यातही त्याच वर्षी गायरान दुसऱ्या कामाला द्यायला आळा घालणारा शासन निर्णय निघाला. दुसरीकडं दिवसा वीज मिळावी म्हणून सौर कृषी वाहिनीला जागा लागते, आणि ती गायरानातच शोधली जाते. मला स्वतःला दिवसा वीज हवी आहे. रात्री दोनला मोटर चालू करायला जाऊन साप तुडवायची हौस मलाही नाही. आमच्या ग्रामसभेपुढंही हा विषय आलाय. त्यातच भूमिहीनांचा प्रश्न आहे. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांसाठी सत्याग्रह केले, आणि त्या मागणीतून कसलेली गायरानं कितीतरी घरांचं पोट आहेत. त्यांना उठवून गवत लावा, असं मी म्हणणार नाही.

म्हणून मी म्हणतो ते एवढंच. ग्रामसभेत गायरानाचा विषय निघाला की 'पडीक जागा' म्हणून ठराव लिहू नका. आधी तीन-चार गोष्टी करा.

एक, गायरानाचे गट काढा, नकाशावर बघा, आणि त्यातून मेंढरांची जुनी वाट आणि पाणवठा कुठं आहे ते म्हाताऱ्या माणसांना विचारून मांडा. जागा दुसऱ्या कामाला गेली तरी वाट आणि पाणी तुटू देऊ नका.

दोन, उरलेल्या गवताचे तीन तुकडे करा. दरसाल एक तुकडा मृगापासून दसऱ्यापर्यंत राखा, बी पडू द्या. पुढच्या साली दुसरा. बी पडल्यावर मात्र मेंढरं घाला. खुरानं बी दाबलं जातं, जुनं गवत मोडतं.

तीन, सौर पॅनेल टाकायचंच तर खडकाळ, गवत नसलेला भाग निवडा. झाडं लावायची तर ओढ्याकाठी लावा, सपाट माळावर मारवेल-पवन्याचं बी टाका.

चार, येणाऱ्या वाड्याची नोंद ठेवा. किती मेंढरं, किती दिवस. लहानशी पट्टी घ्या किंवा बदल्यात गावच्या रानात मेंढ्या बसवून घ्या. वनचराईचीच ही नवी रीत समजा. पट्टी भरली की माणूस हक्काचा होतो, आणि हक्काचा माणूस रान जपतो. कायद्यात बाहेरच्या गावच्या मेंढराला जागा नाही, म्हणून तसा ठराव करून वर पाठवा. ठराव वर गेल्याशिवाय कायदा बदलत नसतो.

मेंढपाळांनाही एक सांगणं आहे. उभ्या पिकात मेंढरं शिरली की भांडण होणारच, आणि एका वाड्याच्या चुकीनं दहा वाड्यांची वाट बंद होते. तुमच्यातल्या जाणत्यांनी पोरांना आवरलं पाहिजे. जुने लोक वाडा हलवायच्या आधी गावात येऊन राम राम घालायचे. आता पोरं ट्रकनं येतात, रात्रीत उतरतात. ती ओळख राहिली पाहिजे.

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष चराऊ रानं आणि पशुपालकांचं वर्ष म्हणून ठरवलंय. दिल्ली-मुंबईत परिषदा होतील, चांगलं आहे. पण आबांची नातवंडं मेंढरं सोडून एमआयडीसीत कामाला लागलीत. काळ्या लोकरीला भाव नाही, कातरायची मजुरीही निघत नाही, घोंगडी विणणारे हात थकले. वाटेवर रोज कुणाच्या तरी शिव्या खायच्या, तर पोरं का राहतील? मेंढपाळ संपला म्हणून माळ वाचणार असता तर आतापर्यंत वाचला असता. माळाला बी पडेपर्यंत थांबणारा आणि बी पडल्यावर येणारा असा एक माणूस होता, तो आपण घालवतोय.

तुमच्या गावात गायरान किती उरलंय, वाडे कुठल्या महिन्यात येतात, कुठून येतात आणि कुठं जातात, ते खाली लिहा. गावाचं नाव आणि तालुका लिहा, माणसांची नावं नकोत. जमलं तर सगळं एकत्र करून वाटांची एक यादी करू. ग्रामसभेत दाखवायला कागद लागतो.

पुढच्या नोंदीत मारवेलाचं बी कधी आणि कसं गोळा करायचं ते फोटोसह टाकतो.

राम राम.